पावकीचा हत्ती

आमच्या शाळेची पालकसभा सोमवारी असते. इतर शाळा शनिवार बघतात. आम्ही सोमवार धरतो, कारण त्या दिवशी लेणी बंद. लेणी बंद म्हणजे गेटवेकडून येणारी गर्दी नाही, पायऱ्यांवरच्या दुकानांवर ताडपत्र्या ओढलेल्या, आणि एरवी दिवसभर माळा, मूर्ती, काकडी-कैरी विकणाऱ्या आया त्या एका दिवशी घरी सापडतात. घारापुरीला, म्हणजे एलिफंटा बेटावर, रुजू झाले तेव्हा माझ्या डायरीतली पहिली नोंद हीच होती: सभा सोमवारी.

मी उरणची. २०१६ च्या जूनपासून या बेटावर शिकवते. उरणच्या मोरा बंदरात मचव्यात बसायचं आणि बेटावर उतरायचं, हा माझा रोजचा रस्ता. बेटावर तीन वस्त्या आहेत, राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर. तिन्हीकडची पोरं धरूनही आमचा पट हातापायांच्या बोटांवर मोजून संपतो. पहिली ते पाचवीचे वर्ग, दोन खोल्या, एक सर आणि एक मी. मी आले तेव्हा गावात संध्याकाळी दोन-तीन तास जनरेटर चालायचा आणि मग अंधार. समोर मुंबई झगमगत असायची आणि आमची पोरं कंदिलाशी बसून पाढे लिहायची. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज आली, त्या रात्री मी मुद्दाम बेटावर मुक्काम केला होता. तेव्हा पहिलीत असलेली पोरं आता हायस्कुलात आहेत. त्यांच्या पाठच्या भावंडांना कंदील गोष्टीतलाच वाटतो.

हे सगळं लिहून ठेवायला बसले त्याला कारण आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायची चर्चा राज्यभर सुरू झाली. तेव्हापासून दर सभेत कोणी ना कोणी विचारतंच, "बाई, आपली शाळा ऱ्हाईल ना?" सपाटीवरच्या गावात दोन शाळांची एक झाली तर पोराला एक-दोन वळणं जास्त चालावं लागेल. आमच्याकडे त्या वाटेत खाडी येते, सुकती म्हणजे ओहोटी येते, जून ते सप्टेंबरचा दर्या येतो. पट लहान आहे, ते मी नाकारत नाही. पण अहवालात पटासाठी एक रकाना असतो आणि त्या रकान्यात आकडा मावतो, पोरं मावत नाहीत. म्हणून गेल्या वर्षीची पोरं इथं लिहिते आहे.

वर्ष माझ्या लेखी सुरू झालं ते नारळी पौर्णिमेला, १९ ऑगस्ट २०२४. गाव धक्क्यावर जमलं होतं. पाचवीतल्या एका मुलीचे आजोबा दर्यावरचे जुने माणूस. शाळा तिसरीत सुटली, पण पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्ध्या आणि पाऊणचे पाढे, अजून तोंडपाठ. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत ते वापरतात. तिथीची पाऊणपट करायची, जे येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. "एक पाऊण पाऊण, दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन," असं ते म्हणत जातात आणि थांबतात तिथं वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पंधरा पाऊणे सव्वाअकरा. "सव्वाअकराला भरती," आजोबांनी जाहीर केलं.

नात धक्क्याच्या पायरीवर बसून राहिली. सव्वाअकरा झाले. पाणी चढतच होतं. पावणेबारा झाले, तरी एक पायरी आणखी बुडाली. बाराच्या सुमाराला कुठे पाणी थबकलं. दुसऱ्या दिवशी ही पोरगी दप्तर खांद्यावरून न उतरवता माझ्या टेबलाशी आली. "बाई, आज्याचा हिशेब चुकला."

मी तिला म्हटलं, आजोबांचा हिशेब चुकला असं म्हणायचं असेल तर एका दिवसावर म्हणता येणार नाही. मोजू या.

तेव्हापासून वही सुरू झाली. ग्रामपंचायतीला विचारून सरांनी धक्क्याच्या पायऱ्यांवर ऑइलपेंटनं आकडे घातले. रोज दोघांची पाळी, सोबत घरचं कोणीतरी मोठं माणूस. भिंतीवरच्या कालनिर्णयातून तिथी लिहायची, मग पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं आणि किती वाजता. पहिल्या पंधरवड्यात वही नुसती गोंधळाची झाली. भरती पूर्ण झाली की पाणी बराच वेळ तसंच उभं राहतं, लाटा येतात-जातात, नेमकं कधी थांबलं ते डोळ्यांना कळत नाही. दोघा पाळीवाल्यांच्या वेळांत वीस-वीस मिनिटांचा फरक यायला लागला आणि भांडणं सुरू झाली.

वाट काढली चौथीतल्या एका मुलानं. वर्गात हा कधी हात वर करत नाही. डबा खाताना सहज बोलल्यासारखा म्हणाला की वरची पायरी बघायचीच कशाला. खालची एखादी पायरी धरू. चढताना ती बुडते ती वेळ लिहू, उतरताना तीच उघडी पडते ती वेळ लिहू, आणि दोन्हींच्या बरोबर मधली वेळ घेऊ. मी हातातला घास तसाच ठेवला. हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. तो वडिलांबरोबर कालवं काढायला जातो. कुठला खडक कधी उघडा पडतो आणि कधी बुडतो, यावरच त्याच्या घरचं कालवण ठरतं.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वही भरली. पावसाचे, वाऱ्याचे दिवस सोडले तर एक गोष्ट स्पष्ट दिसायला लागली. आजोबांचा हिशेब सुरुवातीच्या तिथींना जवळपास जुळायचा आणि पुढे पुढे मागे पडत जायचा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास तो पाऊण तास अलीकडे. असं का, यावर आम्ही दोन तास घालवले. फळ्यावर चंद्र, पृथ्वी, सूर्य सगळं काढून झालं. शेवटी त्या नातीनंच फळ्यावर नेहमीचा भागाकार मांडला. अमावस्येला भरती रात्री बाराला. पुनवेला दुपारी बाराला. मध्ये पंधरा तिथ्या. म्हणजे पंधरा तिथ्यांत भरती बारा तास सरकते. बारा तासांची मिनिटं ७२०. भागिले १५. उत्तर ४८.

पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. आजोबांची पाऊणकी दर तिथीला तीन मिनिटं मागे राहत होती, आणि पंधराव्या तिथीला त्या तीन मिनिटांची पंचेचाळीस झाली होती.

खडू खाली ठेवून ती जागेवर गेली, आणि वर्ग अगदी गप्प होता. पंधरा वर्षं शिकवते आहे मी. अशी शांतता मोजून तीन-चार वेळा ऐकली असेन.

संध्याकाळी ती वही घेऊन आजोबांकडे गेली, मी मुद्दाम सोबत गेले. जाळं बाजूला ठेवून त्यांनी वही उजेडाकडे धरली, पानं सावकाश उलटली. मग म्हणाले, "तुजा हिशेब घड्यालासाठी बरोबर. माजा होडीसाठी. होडी तीन मिनटांवर अडत नाय." आणि खिशातून दहा रुपयांची नोट काढून नातीच्या हातावर ठेवली. ती नोट वहीच्या शेवटच्या पानाला अजून चिकटवलेली आहे.

केंद्रस्तरावरच्या विज्ञान प्रदर्शनात वहीला पहिला क्रमांक मिळाला. तालुक्याला मिळाला नाही. तिथं वायरी आणि दिवे लावलेली मॉडेलं होती, आमच्याकडे एक वही, एक फळा आणि पुठ्ठ्याच्या पायऱ्या. पण केंद्रावर एका परीक्षकांनी तिला विचारलं होतं, आता मोबाईलवर भरतीची वेळ मिळते, मग हे कशाला? ती म्हणाली, "दर्यात रेंज जाते, तिथी जात नाय." परीक्षक हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य आपल्या कागदावर लिहून घेतलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

धावण्याचंही लिहायला हवं. केंद्राच्या क्रीडा स्पर्धांत कबड्डीला आमचा संघ उभाच राहत नाही, सात मुलगे मिळायचे कुठून? म्हणून आम्ही धावतो. पण बेटावर शंभर मीटर सपाट जमीन नाही, सगळी चढउतार. शेतबंदराच्या धक्क्यावर पर्यटकांसाठी छोटी रेल्वे चालते. तिच्या रुळांशेजारी लांबलचक सरळ वाट आहे. पहिली फेरी सुरू व्हायच्या आधी, सकाळी सातला, दोन्हीकडे पाणी आणि मध्ये आमची पोरं पळतायत. तिसरीतली एक मुलगी केंद्रात पहिली आणि तालुक्यात तिसरी आली. तालुक्याच्या मैदानावर ती जरा बिचकली होती. नंतर म्हणाली, "बाजूला पाणी नव्हतं ना, म्हणून कसंतरी वाटलं."

शिष्यवृत्ती परीक्षेला पाचवीतले तिघे बसले. परीक्षेचं केंद्र उरणला. फेब्रुवारीतला रविवार, माघ शुद्ध द्वादशी. दरवर्षी मला त्या दिवसाची धास्ती असते, कारण मोरा बंदरात गाळ इतका साचलाय की ओहोटीला मोठ्या लाँचासुद्धा लागत नाहीत, आणि मचवा मध्येच चिखलात बसला तर पोरं तासभर उन्हात. यंदा आठवडाभर आधी वहीवाली पोरगी कागद घेऊन आली. बारा अठ्ठेचाळीस पाचशे शहात्तर मिनिटं, म्हणजे सकाळी ९ वाजून ३६ मिनिटांनी भरती. "जाताना काय नाय बाई. पेपर सुटंल साडेतीनला, तवा सुकती. सांजेपर्यंत थांबाया लागंल." तसंच झालं. परीक्षा सुटल्यावर तिघांना माझ्या घरी आणलं, आईनं वरणभात आणि तळलेली बोंबील वाढली, पोरं तिथंच चटईवर झोपली, आणि अंधार पडायच्या आत पाणी आल्यावर आम्ही निघालो. तिघांपैकी वहीवाली पात्र ठरली. गुणवत्ता यादीत नाही आली. घरच्यांना त्यानं काडीचाही फरक पडला नाही, पेढे तिन्ही वस्त्यांत वाटले.

महाशिवरात्रीला आमच्याकडे मोठी जत्रा. उरण, न्हावा, पनवेल, मुंबईकडून होड्या भरून माणसं येतात. त्या दिवशी पोरं महेशमूर्तीसमोर आणि इतर शिल्पांपाशी उभी राहून माहिती सांगतात. हे आम्ही तीन वर्षं करतोय. गंगावतरण कुठलं, अर्धनारीनटेश्वर कुठला, रावण कैलास हलवतोय तो कुठला, आणि पोर्तुगीजांच्या काळात या मूर्तींची मोडतोड कशी झाली. यंदा चौथीतल्या एका मुलानं कल्याणसुंदर शिल्पापाशी आपल्याच आईला माहिती सांगितली. आई वीस वर्षं या पायऱ्यांवर दुकान लावते, हजारो माणसं तिच्यासमोरून लेण्यांत गेली. स्वतः ती गेली होती ती लग्न होऊन आली त्या वर्षी. पार्वतीच्या हाताकडे बघत ती बराच वेळ उभी होती. "लाजल्याली दिसतं," म्हणाली.

आता सहल.

हिवाळा लागला की आमच्या बेटावर सहलींची रांग लागते. टोप्या घातलेली, ओळीनं चालणारी, बिस्किटांचे पुडे घेतलेली दुसऱ्या शाळांची पोरं रोज आमच्या समोरून डोंगर चढतात. आमची पोरं त्यांना पाण्याची जागा दाखवतात, माकडांपासून डबे सांभाळायला सांगतात, आणि मग मला विचारतात, आमची सहल कवा? दरवर्षी डिसेंबरात जायचं ठरतं. या वेळी १८ डिसेंबरला गेटवेहून आमच्याकडे येणाऱ्या प्रवासी बोटीचा अपघात झाला. माणसं गेली. ती वाट आमची रोजची आहे, आमच्या पालकांतले कितीतरी त्याच पाण्यावर पोट भरतात. त्या आठवड्यात शाळेत पोरं फार बोलत नव्हती. आम्ही परिपाठाला दोन मिनिटं उभे राहिलो आणि सहलीचा विषय मी स्वतःच मिटवून टाकला.

तो पुन्हा काढला पालकांनी. फेब्रुवारीच्या सभेत एक आजी उठून म्हणाल्या, दर्याला भिऊन घरात बसवायचं तर या बेटावर ऱ्हायाचंच कशाला, जाकीट घालून न्या पोरांना. मग लहान मापाची लाइफ जॅकेटं गोळा करणं सुरू झालं. मोठ्यांची भरपूर मिळतात, सहा वर्षांच्या पोराच्या अंगावर बसेल असं जॅकेट मिळवायला मला तीन आठवडे लागले. प्रत्येक पोराला ते शाळेत घालून बघितलं, पट्टे आवळून बघितले, आणि मगच संमतीपत्रं वाटली.

कुठं जायचं ते बालसभेत आधीच ठरलं होतं. कोणी किल्ला म्हटलं, कोणी पेंग्विन म्हटलं. पण दुसरीतल्या मुलीनं जे सांगितलं त्यावर सगळे हात वर गेले. पर्यटक आमच्या पोरांना रोज विचारतात, एलिफंटा म्हणतात तर हत्ती कुठाय? या पोरीनं मला एकदा विचारलं होतं, "बाई, गावान हत्ती नाय त नाव कसा परला?" तेव्हा मी वर्गात ती गोष्ट सांगितली होती. राजबंदराच्या बाजूला एक मोठा दगडी हत्ती उभा होता. पोर्तुगीजांनी तो पाहिला आणि बेटाला त्याचं नाव दिलं. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान गळून पडली. पुढं १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईला नेले, आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जोडून राणीच्या बागेत उभे केले. तो अजून तिथं आहे, भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात. तिला तेवढंच हवं होतं. "आपला हत्ती बगाया जाऊ."

मार्चच्या पहिल्या गुरुवारी निघालो. बुधवारी बाग बंद असते, ते आधीच बघून ठेवलं होतं. सकाळी सगळ्या लाँचा गेटवेकडून इकडे येण्याच्या तयारीत, आणि आम्ही उलटे चाललो होतो. उजव्या हाताला न्हावा-शेव्याच्या क्रेनी नाहीत, डाव्या हाताला आहेत, पोरं दिशा सुधारून देत होती. मागे अटल सेतूची रेघ. जवाहर द्वीपाजवळ तेलाची जहाजं. गेटवेला उतरल्यावर आमची पोरं जराही बावरली नाहीत, हे मला सांगायचंय. मुंबई त्यांनी जन्मापासून रोज रात्री बघितलीय. बेस्टच्या बसमध्ये मात्र धाकटा एक जण दरवेळी ब्रेक लागला की ओरडायचा, "लागली, लागली!" होडी धक्क्याला लागली की म्हणतात तसं.

हत्ती पाहिला. काळा, ओबडधोबड, सांधे दिसणारा. मला भीती होती की पोरं निराश होतील, कारण शेजारीच जिवंत प्राणी होते. कोणी निराश झालं नाही. पोरं त्याच्या भोवती फिरली, कुठं तुटला होता ते शोधायला लागली, मानेपाशी जोड दिसला तेव्हा एकमेकांना हाका मारून दाखवला. दुसरीतल्या त्या मुलीनं खिशातून एक दगड काढला. राजबंदराच्या किनाऱ्यावरचा, मूठभर. पहारेकऱ्यानं हत्तीला हात लावायला मनाई केली होती, म्हणून तिनं जिथं उभी होती तिथूनच एक डोळा मिटून तो दगड हत्तीच्या पोटासमोर धरला. रंगाला रंग लावून बघत होती. "त्योच हाय," म्हणाली, आणि दगड परत खिशात ठेवला.

पाचवीच्या दोघांचं काम वेगळं होतं. त्यांनी चौथीतल्या त्या कालववाल्या मुलाला हत्तीच्या शेजारी, हत्तीच्याच रेषेत उभं केलं आणि समोरून फोटो काढला. तो नीट यावा म्हणून चार वेळा काढला. मी कारण विचारलं तर म्हणाले, शाळेत सांगू.

शाळेत फोटो छापून घेतला. उंची-वजनाच्या नोंदवहीत मुलाची उंची १३२ सेंटीमीटर. फोटोत तो पट्टीनं मोजला, ६.६ सेंटीमीटर. म्हणजे फोटोतला एक सेंटीमीटर म्हणजे खरे वीस. मग हत्ती मोजला, लांबीला वीस, उंचीला अकरा. जवळजवळ चार मीटर लांब आणि सव्वादोन मीटरच्या जरा आत उंच. प्रमाणाचं गणित मी पुस्तकातून शिकवते तेव्हा त्यात रेल्वे, हौद आणि मजूर असतात. इथं शेजारी उभा राहिलेला वर्गमित्र होता, आणि एकाचंही गणित चुकलं नाही.

आता हत्ती गावात आणायचा, असं ठरलं. चिखलाचा. चार मीटरचा हत्ती करायला खाडी उपसावी लागेल, म्हणून चौथाई करायचा. एक मीटर लांब, पंचावन्न सेंटीमीटर उंच. सर म्हणाले, हा पावकीचा हत्ती. नाव तेच पडलं.

मार्चअखेर ते एप्रिल, रोज सुट्टीनंतर तासभर. खारफुटीच्या कडेचा चिखल आजोबांनी दाखवला, कुठला तडकतो आणि कुठला धरतो ते त्यांना माहीत. मोराबंदरच्या एका आईनं भाताचा पेंढा दिला. आत बांबूचे तुकडे. पोटाखाली दगडाचा आधार, कारण पाय वजन घेईनात. चिखल आणताना निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, सापडायच्या, त्या सोडून द्यायला पहिलीची दोन पोरं नेमली होती. माकडांनी दोनदा पाठीवर बसून पाठ दाबली, दोनदा ती पुन्हा केली. सोंड चार वेळा पडली. १ मेला निकाल वाटले तेव्हा हत्ती अंगणात आंब्याखाली उभा होता आणि सगळ्या आया एकेक करून त्याच्या कपाळाला हात लावून जात होत्या. मी सांगितलं, पावसाआधी ताडपत्री घालू, जूनला अवकाश आहे.

यंदा तसं झालं नाही. मुंबईत मान्सून एरवी ११ जूनच्या आसपास येतो, २०२५ मध्ये तो २६ मेला आला. त्या सकाळी मी उरणला घरी होते, बाहेर नुसती झड लागलेली, मोऱ्याहून मचवा निघायचा प्रश्नच नव्हता. दुपारी फोनवर आवाजाचा निरोप आला. मागे पावसाचा आवाज, चार-पाच पोरं एकदम बोलतायत, आणि त्यात वहीवालीचा आवाज सगळ्यांच्या वर. "बाई, डोका परला! मान आनि डोका! पयलं तेच परलं बाई, खऱ्याचं परलं व्हतं तसंच!"

थोड्या वेळानं वहीच्या पानाचा फोटो आला. पान ओलं होतं, शाई एका कडेला पसरली होती.

'२६ मे. वैशाख वद्य चतुर्दशी. भरती ११ वाजून १२ मिनिटं. हत्तीचं डोकं आणि मान पडली. पाय चांगले आहेत.'

खाली दुसऱ्या अक्षरात, थरथरत्या हातानं: 'पाऊणकीनं साडेदहा.'